पाच हर्ट्झचा चोर

सांगतो, पण एक अट आहे. ऐकून झाल्यावर कुणी टेबलाखाली वाकून बघायचं नाही. हसा, पोट धरून हसा, चहा नाकात गेला तर तुमचं तुम्ही बघा. पण टेबलाखाली बघायचं नाही. का, ते कळेलच. माझी इतकी शोभा आयुष्यात दुसऱ्यांदा झालेली नाही, म्हणजे झाली, पण ते सगळ्यात शेवटी.

मुळात माझा स्वभाव संशयी. भाजीवाल्यानं कोथिंबीर फुकट घातली की मी ती तिथंच उलगडून बघतो. लिफ्टमध्ये कुणी आपणहून हसून नमस्कार केला की घरी येऊन पहिला प्रश्न, "सोसायटीची निवडणूक लागली का गं?" आमची सुरेखा म्हणते, "तुमच्या अंगावर कुणी फुलं टाकली ना, तरी तुम्ही आधी वर बघाल, कुंडी येतेय का म्हणून." बघेनच की! का बघू नये?

पण माझ्या नोकरीत हा दोष नाही बरं का, ही पात्रता आहे. मी चाकणला एका कंपनीत आहे. आम्ही गिअरबॉक्स बनवतो आणि मी त्यांची थरथर तपासतो. म्हणजे गिअरबॉक्स टेस्ट बेंचवर चढवायचा, फिरवायचा, अंगाला सेन्सर चिकटवायचा आणि तो का थरथरतो ते शोधायचं. थोडक्यात, दिवसभर संशय घ्यायचा आणि महिनाअखेरीस त्याचा पगार.

हा संशय शास्त्रशुद्ध घेण्याची जी रीत आहे, तिचं नाव फूरिये ट्रान्सफॉर्म. अहो, उठू नका! गणित सांगत नाही. आमच्या सुरेखाला कुठल्याही लग्नातली आमटी द्या. एक भुरका मारते आणि सांगते, "मसाला बाहेरचा आहे, गूळ हात सैल सोडून घातलाय, चिंच नाही, आमसूल आहे." आमटी एकच, पण तिला आतले सगळे वेगवेगळे लागतात. फूरिये तेच करतो, फक्त जिभेऐवजी आकड्यांनी. सेन्सरकडून येते ती एक वेडीवाकडी रेघ, त्यात सगळ्यांची थरथर कालवलेली असते. फूरिये ती वेगळी करून मांडतो. सेकंदाला इतके हेलकावे मारणारा हा, तितके मारणारा तो. सेकंदाला एक हेलकावा म्हणजे एक हर्ट्झ, संपलं. आणि ज्याचा जोर जास्त, त्याचा आलेखावर उंच सुळका. कंपनीत आम्ही त्याला पीक म्हणतो, पण पीक म्हटलं की आमचे गावाकडचे पाहुणे सोयाबीनचं विचारतात, म्हणून आपण सुळका म्हणू.

आता गंमत अशी, की प्रत्येक सुळक्याला मालक असतो. आमची मोटर सेकंदाला पंचवीस वेळा फिरते, तर पंचवीसवर सुळका. तो मोटरचा. गिअरला वीस दात, तर वीस गुणिले पंचवीस, पाचशेवर सुळका. तो दातांचा. पन्नासवर दिसला तर विजेचा. सगळ्यांची हजेरी घ्यायची आणि ज्याचा मालक सापडत नाही तो चोर. बाकी इंजिनिअर कॉफीवर जगतात, मी चोरांवर जगतो.

तर आमच्याकडे नवीन टेस्ट बेंच आला. ज्या गिऱ्हाईक कंपनीसाठी तो घेतला, तिथल्या मोहिते मॅडम येऊन तो पास करणार होत्या. बेंच बसवायचं काम होतं बालाजीकडे.

बालाजी म्हणजे नांदेडकडचा पोरगा. पोरगा म्हणजे तिशीचा, पण मला 'भाऊ' म्हणतो म्हणून पोरगा. कासारवाडीत खोली घेऊन राहतो, मी संत तुकाराम नगरला. नाशिक फाट्याला आम्ही एकाच बसमध्ये चढतो, मोशीच्या ट्रॅफिकमध्ये एकाच खांद्यावर झोपतो. खांदा त्याचा, झोप माझी. कामाला वाघ, पण अजून कॉन्ट्रॅक्टवर. आणि तिकडे त्याचं लग्न ठरत आलेलं. मुलगी पसंत, मुलीला हा पसंत, पत्रिकाही जुळलेली. अडलं होतं ते मुलीच्या वडिलांच्या एका शब्दावर. परमनंट. आधी परमनंट, मग साखरपुडा. आपल्या पट्ट्यात पत्रिकेपेक्षा हा शब्द मोठा, तुम्हाला मी काय सांगायचं!

आमचे साठे साहेब त्याला म्हणाले होते, "बालाजी, बेंच पास झाला की तुझं परमनंटचं काम मी करतो." तेव्हापासून तो पोरगा बेंचला देवासारखा पुसत होता. म्हणजे बघा, सगळं त्या बेंचवर टांगलेलं. त्याची नोकरी, त्याचं लग्न, आणि तिकडे एक मुलगी फोनची वाट बघत बसलेली.

पहिले काही दिवस मी बेंचजवळ उभा राहून मोजमाप केलं. मोटरचा सुळका जागेवर, दातांचा जागेवर, बाकी आलेख सपाट. मी जरा निराशच झालो. एकही चोर नाही म्हणजे काय?

मग एक दिवस बालाजी म्हणाला, "भाऊ, किती येळ उभं राहायलाव? पाय दुखतेत की. थांबा, मी सोय करतो." आणि पठ्ठ्यानं एक लोखंडी स्टूल आणि छोटं टेबल आणून बेंचच्याच लोखंडी प्लॅटफॉर्मवर चार बोल्ट मारून बसवून दिलं. घसरू नये म्हणून! वर स्टुलाला जुन्या बसच्या सीटचा फोम.

तुम्ही असता तर म्हणाला असता, किती गुणाचं लेकरू. मी काय म्हटलं असेल? मी मनात म्हटलं, ह्याला एकदम माझ्या पायांचा एवढा पुळका का आला?

आणि त्याच दिवशी, ऐका हं, त्याच दिवशी आलेखावर पाच हर्ट्झला सुळका उगवला! चांगला ठसठशीत. सेकंदाला पाच हेलकावे. आमच्या अख्ख्या बेंचवर पाचच्या चालीनं चालणारं काहीही नाही. ना मोटर, ना गिअर, ना पंखा. बेवारस सुळका!

मी हात चोळले. आता चोर पकडायचा म्हणजे पायरीपायरीनं जायला हवं. घाईत माणूस फसतो.

पहिली पायरी, सेन्सर स्वतःच काही पदरचं घालतोय का बघायचं. काही सेन्सर मशीन ढिम्म असतानाही थोडा आकडा दाखवत राहतात. तो काढून टाकायचा. काढला. सुळका तसाच.

दुसरी पायरी. आपण थरथरीचा एक तुकडा कापून घेतो ना, त्या तुकड्याच्या कापलेल्या कडांमुळे आलेखात नसलेलं काहीबाही दिसतं. म्हणून दोन्ही कडा हळूहळू शून्यावर आणायच्या, साडीला पिको करतात तसं. केलं. सुळका तसाच.

तिसरी पायरी माझी आवडती. कधीकधी जास्त हर्ट्झवाला एखादा कमी हर्ट्झचा वेश घेऊन येतो. आपण सावकाश मोजत असलो की तो आपल्याला फसवतो. अशा बहुरूप्यांवर माझा फार डोळा! मी मोजायचा वेग वाढवला. वेश घेतलेला असता तर जागा बदलून पळाला असता. हा नाही हलला. पाच म्हणजे पाच. खराखुरा, आणि वर निर्ढावलेला.

मग मी कंपनीबाहेर संशय न्यायला सुरुवात केली. भिंतीपलीकडच्या कंपनीत पत्रे दाबायचे प्रेस आहेत. म्हटलं, त्यांचा धक्का जमिनीतून येतोय. तडक त्यांच्या गेटवर गेलो. गेटवर खेडकडचे एक जुने सिक्युरिटीवाले काका होते.

"काका, तुमचे प्रेस सेकंदाला किती ठोके मारतात?"

काकांनी मला खालून वर बघितलं. "साहेब, प्रेस परवापासून बंद हायेत. मेंटेनन्सला. हितं कुत्रं सुदिक भुकत न्हाई, अन् तुमी ठोकं कसलं मोजताय?"

"नक्की बंद?"

"आत जाऊन कान लावा. पण आधी सही करा हितं."

प्रेस बंद होते. म्हणजे तेही सुटले.

त्या संध्याकाळी घरी सोफ्यावर बसून चहा घेत विचार करत होतो. समोर टीपॉयवर कप. बघतो तर काय, कपातल्या चहावर बारीक बारीक लाटा! माझ्या अंगावर काटा आला. इथंही? चाकणची थरथर संत तुकाराम नगरात?

"सुरेखा! लवकर ये! चहा बघ!"

ती आली, चहा बघितला, मग मला बघितलं. "अहो, तुम्ही आधी तो तुमचा..."

"थांब गं, मध्ये बोलू नकोस. मी विचार करतोय."

ती "करा" म्हणून आत गेली. आता आठवलं की वाटतं, त्या बाईला मी फक्त अर्ध वाक्य जास्त बोलू दिलं असतं ना, तर हा सगळा तमाशा टळला असता.

दुसऱ्या दिवशी मी शेवटचा डाव टाकला. बालाजीला म्हटलं, "तू मोजून दाखव." तो आपला नेहमीसारखा उभ्या उभ्या, एक हात कमरेवर, दुसऱ्या हातानं बटण दाबलं. आलेख आला. पाचवर काही नाही! सपाट! जणू तिथं कधी काही नव्हतंच.

"सगळं बराबर हाय की भाऊ," बालाजी म्हणाला.

मी त्याला चहाला पिटाळलं, स्टुलावर बसलो, मोजलं. सुळका हजर! तो परत आला, मी उठलो, त्यानं मोजलं, गायब. मी मोजलं, हजर.

सांगा, तुम्ही काय अनुमान काढलं असतं? माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हा काहीतरी करतोय. मोजताना कुठंतरी काहीतरी दाबून चोर लपवतोय. आणि का लपवतोय? कारण बेंचचा पाया! फाउंडेशनचं काम त्यानं कुणाला दिलं होतं? त्याच्याच गावच्या ठेकेदाराला! म्हणजे सिमेंटात गडबड, पाया पोकळ, बेंच डुलतोय, आणि मला गप्प ठेवायला फोमचं स्टूल. एकेक तुकडा असा चपखल बसत गेला की मलाच माझा अभिमान वाटला.

वाईटही वाटलं, खोटं कशाला बोलू. त्या दिवशी बसमध्ये मी त्याच्या खांद्यावर झोपलो नाही. मोशीला ट्रॅफिकमध्ये तो म्हणाला, "भाऊ, काय झालं? तब्येत बरी नाही का?" मी खिडकीबाहेर बघत म्हटलं, "बरी आहे. सगळं दिसतंय मला." त्याला काहीच कळलं नाही. मला वाटलं, काय अभिनय करतो!

दुसऱ्या दिवशी सकाळी साठे साहेबांच्या केबिनमध्ये गेलो आणि सगळं ओतलं. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"अविनाश, त्या पोराचं परमनंट माझ्या सहीसाठी पडलंय. तू म्हणतोस ते खरं असेल तर मी ते फाडतो. पण नक्की ना?"

"साहेब, फूरिये खोटं बोलत नाही."

"फूरिये नाही, मी तुला विचारतोय."

"नक्की."

"ठीक. उद्या मॅडम येतायत. त्यांच्यासमोर सिद्ध कर."

मोहिते मॅडम आल्या. पन्नाशी ओलांडलेल्या, कॉटनची साडी, पायात सेफ्टी शूज, चेहऱ्यावर शाळेतल्या बाईंचा भाव. बालाजी नवा शर्ट घालून आला होता, इस्त्रीची घडी अजून मोडली नव्हती. त्यानं सगळ्यांसाठी पेढे आणून ठेवले होते, पास झाल्यावर वाटायला. ते पेढे बघून क्षणभर वाटलं, जाऊ दे. पण म्हटलं, नाही, कर्तव्य म्हणजे कर्तव्य.

मोटर सुरू झाली. मी स्टुलावर जाऊन बसलो, डॉक्टर ऑपरेशनला बसतो तसा. मोठा स्क्रीन लावला होता, आलेख सतत ताजा होत होता. मी एकेक पायरी सांगत गेलो. हा सेन्सरचा पदरचा आकडा, हा काढला. ह्या कडा, ह्या दाबल्या. हा वेश बदलणारा असेल का? नाही. हा पंचवीस, मोटरचा. हा पाचशे, दातांचा.

"आणि हा," मी बोट न दाखवता नुसती मान वळवली, "पाच. ह्याला मालक नाही."

सुळका स्क्रीनवर रुबाबात उभा. मॅडम पुढं झुकल्या. "ह्याचं बूड एवढं पसरट का? यंत्राचा असता तर सुईसारखा बारीक आला असता. हा जरा इकडेतिकडे सरकतोय."

"ढिला पाया मॅडम! पाया ढिला असला की असंच होतं." हे मी तिथल्या तिथं रचलं.

बालाजीचा चेहरा पांढराफटक. "पाया? भाऊ, काय बोलायलाव? बोल्ट मी माझ्या हातानं आवळलेत. सिमेंट ओतताना मी तिथंच उभा होतो, जेवायलाबी गेलो नाही. आईची शपथ!"

"मग हा सुळका कुणाचा?" माझा आवाज चढला. "तू मोजतोस तेव्हा कुठं जातो हा?"

आणि तेवढ्यात सुळका पाचवरून सहावर सरकला! उंचही झाला!

"बघा! बघा!" मी ओरडलो. "मोटरचा वेग तोच आहे, आणि हा पळायला लागला! चोर घाबरला मॅडम!"

मी ताडकन उठलो, स्क्रीनवर बोट ठेवायला धावलो. बोट टेकेपर्यंत सुळका गायब.

"कुणी बंद केलं?" मी गर्रकन वळलो. बालाजी हाताची घडी घालून उभा. साहेब माझ्याकडे बघतायत. मी परत स्टुलावर बसलो. सुळका हजर. उठलो, गायब. बसलो, हजर.

"मोबाईल! त्याच्या खिशात मोबाईल आहे, त्यातनं काहीतरी करतोय! काढ मोबाईल!"

बालाजीनं निमूट मोबाईल काढून टेबलावर ठेवला. सुळका जागेवर.

"त्याला बाहेर पाठवा साहेब! तो इथं आहे तोवर खरं बाहेर येणार नाही."

साहेबांनी बालाजीला हातानंच जायची खूण केली. तो काचेच्या दरवाजाबाहेर जाऊन उभा राहिला. नवा शर्ट, खाली मान. मी स्टुलावर बसून श्वास रोखून स्क्रीनकडे बघतोय. सुळका? पहिल्यापेक्षा उंच!

"बघितलंत? बाहेरून पण करतोय!"

आता ह्या वाक्यावर तुम्ही हसताय, पण मी ते पूर्ण गांभीर्यानं बोललो होतो. शर्ट पाठीला चिकटला होता, तोंडाला कोरड पडली होती, आणि जितका मी तापत होतो तितका तो सुळका जोमानं वाढत होता.

मॅडम इतका वेळ कधी स्क्रीनकडे, कधी माझ्याकडे बघत होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "मोटर बंद करा."

मोटर बंद झाली. गिअरबॉक्स थांबला. सगळीकडे शांतता. स्क्रीनवर पंचवीसचा सुळका बसला. पाचशेचा बसला. बाकी सगळं जमिनीला मिळालं. आणि त्या मोकळ्या आलेखावर एकटा आपला सहाचा सुळका, कुणाची पर्वा न करता उभा.

मी पुटपुटलो, "मशीन बंद, तरी हा चालू. म्हणजे... म्हणजे जमिनीतून..."

मॅडमनी चष्मा नाकावर खाली घेतला. माझ्याकडे बघितलं. मग हळूच वाकून टेबलाखाली बघितलं. वर आल्या आणि ज्या आवाजात आपल्या सगळ्यांच्या आया पंगतीत बोलतात ना, त्याच आवाजात म्हणाल्या,

"अहो, आधी पाय हलवायचे थांबवा बघू."

मी खाली पाहिलं. माझा उजवा पाय. टाच वर, चवडा प्लॅटफॉर्मवर, आणि गुडघा शिवणयंत्रासारखा चाललाय. स्टूल प्लॅटफॉर्मला बोल्टानं घट्ट, प्लॅटफॉर्म बेंचला घट्ट, बेंचवर सेन्सर. सगळा रस्ता बालाजीनं प्रेमानं बांधून दिलेला, आणि त्यावरून माझा पाय दौडत होता.

मी पाय थांबवला. आलेख सपाट.

"हलवा," मॅडम म्हणाल्या.

हलवला. सुळका आला.

"थांबवा."

गेला.

"जोरात हलवा. आता सावकाश." सुळका माझ्या पायाच्या तालावर इकडून तिकडे. साठे साहेब भिंतीकडे तोंड करून उभे राहिले होते, त्यांचे खांदे हलत होते. ते किती हर्ट्झचे होते ते मी मोजलं नाही.

मॅडम म्हणाल्या, "बसल्या बसल्या पाय हलवू नये, घरात लक्ष्मी थांबत नाही, असं कुणी सांगितलं नाही का तुम्हाला घरी?"

"रोज सांगतात," मी म्हणालो.

दुसरं काय सांगणार? अहो, आपल्याकडे कुठल्या घरात सांगत नाहीत? माझी आजी मला ह्या पायावर फूटपट्टी मारायची. आईनं जेवताना मांडीवर चिमटे काढले. सुरेखा तर लग्नाच्या मांडवातच माझ्याशी पहिला शब्द बोलली, तो हाच होता, "पाय." आणि मी इंजिनिअर झालो, मशीनच्या पोटातली थरथर ओळखायला शिकलो, पण स्वतःच्या गुडघ्यावर कधी संशय घेतला नाही. साऱ्या जगावर घेतला, त्या बिचाऱ्या पोरावर घेतला.

साहेबांनी बालाजीला आत बोलावलं. त्याचे डोळे लाल. मला वाटलं, जमीन फाटावी आणि फाउंडेशनसकट मला पोटात घ्यावं.

"सापडला का भाऊ चोर?" त्यानं विचारलं. खरंच काळजीनं विचारलं हो!

"सापडला."

"कोण हाय?"

मी नुसता पाय उचलून दाखवला. त्याला क्षणभर काही कळेना. मग स्क्रीनकडे बघितलं, स्टुलाकडे बघितलं, माझ्या पायाकडे बघितलं, आणि तो मटकन खालीच बसला. हसतोय का रडतोय ते कळेना, दोन्ही करत होता.

"बालाजी, मी लई मोठा गाढव आहे रे," मी म्हटलं. "तुझं लग्न मोडायला निघालो होतो."

तर त्यानं काय म्हणावं? डोळे पुसत म्हणतो, "नाही भाऊ. स्टूल मीच ठोकलं की तिथं. निम्मी चूक माझी हाय."

सांगा आता! ह्याच माणसावर मी संशय घेत होतो. मला कुणी दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं, त्याऐवजी त्यानं मला पेढा दिला.

मॅडमनी बेंच पास केला. शेऱ्यात कारण लिहिलं, 'तपासणाऱ्याचा उजवा पाय', आणि उपाय लिहिला, 'स्टूल काढून टाकणे'. साहेबांनी माझ्यासमोर बालाजीच्या परमनंटवर सही केली. मी स्वतः पाना घेऊन स्टुलाचे चारही बोल्ट उघडले. तेव्हापासून कंपनीत कुठलंही मशीन थरथरलं की पहिला प्रश्न मोटरचा नसतो, "अविनाश कुठं बसलाय?" हा असतो. आता कळलं ना, टेबलाखाली का बघायचं नाही ते?

घरी येऊन सुरेखाला सगळं सांगितलं. ती कणीक मळत होती. हसली नाही, थांबलीही नाही.

"लग्नापासून मी हेच सांगतेय," ती म्हणाली. "मला ना सेन्सर लागला, ना तो तुमचा फूरिये."

"पण तू कधी हर्ट्झमध्ये सांगितलं नाहीस," मी म्हटलं. तिनं कणकेच्या हातानं मला स्वयंपाकघराबाहेर काढलं.

मग बालाजीचा साखरपुडा झाला. कासारवाडीतल्याच एका हॉलमध्ये. बालाजीनं हट्टानं मला स्टेजवर बसवलं, अगदी मोठ्या भावाच्या मानानं, त्याच्या सासऱ्यांच्या शेजारच्या खुर्चीत. अंगठ्या घालायची वेळ आली. फोटोग्राफर कॅमेरा डोळ्याला लावून खोळंबलेला. एकदम वैतागून म्हणाला, "स्टेज हलतंय हो! फोटो सगळे हललेले येतायत. कोण हलवतंय?"

खाली बसलेली आमची अख्खी कंपनी, साठे साहेबांसकट, माझ्याकडे बघायला लागली. सुरेखानंही बघितलं. नवरीनं बघितलं! म्हणजे तिलाही सांगून झालं होतं.

मला खरंच लागलं हो. एकदा चूक झाली म्हणून काय जन्मभर माणसावर संशय घ्यायचा? पुरावा काय? स्टेजवर वीस माणसं, मागं जनरेटर, खाली पोरं नाचतायत, आणि तुम्ही सरळ माझ्याकडे बोट दाखवता? मी उठूनच बोलणार होतो. "एकेक पायरी तपासा," म्हणणार होतो, "आणि मग बोला."

पण बोलण्याआधी, नुसती खात्री असावी म्हणून, मी खाली पाहिलं. ह्या वेळी दोन्ही चालू होते.